अठरा फुटांत दोन पलंग

पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती मकरपुऱ्यातल्या एका शेडबाहेर विटांवर टेकवलेली होती आणि तिच्या छपरावर दोन मांजरं ऊन खात पडली होती. लांबी अठरा फूट, रुंदी सात, रंग पांढरा. कॅरव्हॅन म्हणतात तिला. जीपच्या मागे हुकाला जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत दोन पलंग, ओटा, घडीचं टेबल, न्हाणी आणि कपाटांची इतकी दारं की मी मोजायचं सोडून दिलं. बडोद्याच्या थंडीचे दिवस होते. तारांवर उत्तरायणाचे फाटके पतंग अजून लटकत होते आणि मी, वय वर्षं एकसष्ट, घोड्यावर बसायला निघालेल्या नवरदेवासारखा त्या गाडीभोवती फेऱ्या मारत होतो.

प्रवास पाच दिवसांचा आणि जेमतेम दोनशे किलोमीटरचा. चांपानेर, जांबुघोडा, संखेडा, चांदोद आणि परत घरी. एवढ्याशा वाटेचं काय वर्णन करायचं, असं म्हणाल तर तुमचं चूक नाही. आमच्याकडचे लोक संध्याकाळचा नाश्ता करायलासुद्धा याहून लांब जाऊन येतात.

आधी घरचं सांगतो. आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, बडोद्याच्या जुन्या शहरात, वाडी भागातलं घर राहिलं. मी चौतीस वर्षं नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात दाब आणि तापमान दाखवणारी मीटरं सांभाळली, तीन पाळ्यांत. रात्रपाळी करून आलो की घरात दिवसभर कुजबुजत बोलायचं, कुकरची शिट्टी काढून ठेवायची, असा आमच्याकडे नियम होता. बायकोने, शैलाने, कुठे जाऊ या म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असे, "रिटायर झाल्यावर." तिने विचारणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मी रिटायर झालो त्याच्या आदल्या वर्षी ती मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला, कॅलगरीला गेली. सहा महिन्यांसाठी. परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकललं गेलं. एकदा बाळाला दात येत होते, एकदा मृणालची, आमच्या मुलीची, नवी नोकरी होती, तिसऱ्यांदा कारण काय होतं ते मी विचारलं नाही. मी स्वतः महिनाभर तिकडे राहून आलो. बाहेर बर्फ आणि घरात पायमोजे घालून काचेतून बर्फ बघणारा मी; तिसऱ्या आठवड्यात जावईच म्हणाले, "बाबा, तुम्हाला इथे करमत नाही."

आता दोन वर्षं झाली. माझा बेत असा होता की गाडी तयार करून घ्यायची, तिचे फोटो पाठवायचे, इतकी वर्षं टाळलेली सगळी गावं एकेक करून दाखवतो म्हणायचं, म्हणजे ती येईल. गाडी किती फुटांची घ्यावी हा प्रश्न खरं पाहता शैला येणार की नाही हाच प्रश्न होता. पण तो तिला विचारण्याऐवजी मी मिस्त्रींना विचारत होतो.

मिस्त्री म्हणजे जयंतीभाई. पूर्वी बसचे सांगाडे बांधत, आता हौशी लोकांसाठी कॅरव्हॅन बांधतात. दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढल्यामुळे आपली मराठी शुद्ध आहे अशी त्यांची समजूत आहे. मी घरून आराखडा काढून नेला होता. सुरुवात बारा फुटांपासून होती. मग शैलाचा पलंग वेगळा, कारण तिला कडक गादी लागते. तिच्या बाजूला खिडकी. देवघराला एक फूट. तिच्या साड्यांना कपाट. पोळ्या उभ्याने लाटता याव्यात म्हणून ओटा मोठा. असं करत करत मी अठरावर पोचलो होतो. कारखान्यात कुणी इतका मोठा बदल न विचारता केला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या.

जयंतीभाईंनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि खिशात घातला. "जुओ (बघा) साहेब, कागदावर घर समदे मोटे काढतात. माझ्याकडे असा नाय. ही अठरा फुटी नमुन्याची हाय. पाच दिवस हिच्यात राहून या. आणि ही पट्टी घ्या." त्यांनी माझ्या हातात निळ्या चिकटपट्टीचं एक भेंडोळं ठेवलं. "ज्या वस्तूला पाच दिवसात हात नाय लागला, तेला शेवटच्या दिवशी पट्टी मारायची. कपाट, खुर्ची, जे असेल ते. तेवढं मी कापून टाकतो. जे उरलं ते तुमचं माप."

"आणि सगळ्यालाच हात लागला तर?"

"तर अठरा. पण हजी सुधी (अजूनपर्यंत) कुणाचा लागला नाय."

मी "चोक्कस" (नक्की) म्हणालो आणि मनात ठरवलं की एकाही गोष्टीला पट्टी लागू द्यायची नाही.

निघायच्या दिवशी पहिली फजिती घराशीच झाली. सामान भरायला गाडी वाडीत नेणं अशक्यच होतं. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. पाणीगेटजवळ रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि मी पिशव्या घेऊन चार खेपा घातल्या. दर खेपेला कुणीतरी ओळखीचं भेटे आणि विचारे, "वहिनी आल्या वाटतं?" मी म्हणे, "येतायत." चौथ्या खेपेला नुसती मान हलवली. माझ्या मागे रिक्षांची रांग लागली होती आणि एक रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "काका, घर उपाडीने क्यां चाल्या?" (घर उचलून कुठे निघालात?) हसू आलं. हे शैलाला सांगायला हवं, असं वाटलं, पण तिकडे तेव्हा रात्र होती.

हालोलच्या रस्त्यावर लागल्यावर कळलं की मागे दीड टन वजन जोडलं की माणूस आपोआप सभ्य होतो. कुणाला ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही. ट्रकवालेसुद्धा माझ्या पुढे जात. पावागडाचा डोंगर आधी धुरकट निळा दिसला, मग करडा, मग त्याच्यावरचे रोपवेचे दोरखंड आणि पाळणे दिसायला लागले. चांपानेरच्या तटाबाहेर एका धर्मशाळेच्या पटांगणात जागा मिळाली. जुन्या मशिदींच्या दगडी जाळ्यांतून संध्याकाळचं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि मी त्या नक्षीवर पाय पडणार नाही असा चालत होतो. बघणारं कुणी नव्हतं, तरी.

गाडीत येऊन लसणाची चटणी आणि भाकरी खाल्ली. माझ्या पलंगावरून तिचा पलंग हाताच्या अंतरावर होता, उशीला नवा अभ्रा, चादरीची घडी जशीच्या तशी. मी फोटो काढून पाठवला: "हा तुझा. खिडकीजवळचा." सकाळी पाहिलं तर उत्तरादाखल एक अंगठा आला होता. त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्यात नखाच्या खाली काही लिहिलेलं सापडेल की काय, अशा आशेने.

दुसऱ्या दिवशी जांबुघोड्याच्या जंगलात कडा तलावाकडे जाताना रस्ता चुकलो. चुकलो म्हणजे फोनने सांगितलेल्या रस्त्याने गेलो. साग दाट होत गेला, डांबर संपलं आणि शेवटी एका ओढ्यावरचा खचलेला पूल समोर आला. वळायला जागा नव्हती. मागे जायचं म्हणजे दोनशे पावलं उलटं.

कॅरव्हॅन उलटी नेणं हे काम एकट्याचं नाही, हे मला जयंतीभाईंनी सांगितलं नव्हतं. चाक उजवीकडे वळवलं की ती डावीकडे जाते. आरशात फक्त तिची पांढरी कड दिसते; मागे खड्डा आहे, झाड आहे की म्हैस आहे, काही कळत नाही. मागे कुणीतरी उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारं लागतं. मी खाली उतरून बघे, परत चढे, दोन हात मागे घेई, परत उतरे. असं पंधरा-वीस वेळा केलं. मग गाडी नांगरासारखी आडवी झाली आणि मी पायरीवर बसलो. मला रडू आलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला जंगलात गाडी मागे घेता येत नाही म्हणून रडू येतं, हे लिहायला लाज वाटते, पण आलं.

तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई समोरून आली. मोळी उतरवली, माझ्याकडे पाहिलं, गाडीच्या मागे गेली आणि हात हलवत ओरडायला लागली, "आववा दो! आववा दो! बस बस! हवे आ बाजू!" (येऊ द्या... आता या बाजूला!) तिने उभ्या जन्मात कॅरव्हॅन पाहिली नसावी. पण बैलगाडी उलटी नेणाऱ्याला खुणा करणं तिच्या हाताला ठाऊक होतं. अर्ध्या तासात तिने मला सरळ रस्त्यावर आणून उभं केलं.

तिचं नाव मंगीबेन. मी चहा विचारला तर संकोच न करता आत आली, पायातल्या चपला मात्र पायरीवर नीट जोडून ठेवल्या. शैलाच्या खुर्चीवर बसली, शैलाच्या कपात चहा प्यायली. छताला हात लावून पाहिला, नळ सोडून पाहिला.

"आटला मोटा मां केटला जण?" (एवढ्या मोठ्यात किती माणसं?)

"एक," मी म्हणालो. पाणीगेटपासून इथपर्यंत "दोन" म्हणत आलो होतो. तिच्याशी खोटं बोलायला काही कारण सुचलं नाही.

तिने वाकून पलंगांखालची जागा पाहिली. मग गंभीरपणे म्हणाली, "ने बकरी क्यां बांधो?" (आणि शेळी कुठे बांधता?)

मी तिला बाहेरचा हुक दाखवला. तिला तो पटला नाही. जाताना मोळीखालच्या फडक्यातून तिने दोन मक्याचे रोटले काढून ओट्यावर ठेवले. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो हा, की चला, दुसऱ्या खुर्चीला आणि दुसऱ्या कपाला हात लागला. पट्टीतून दोन वस्तू सुटल्या.

तलावाकाठी वनखात्याच्या आवारात आधीच एक कॅरव्हॅन उभी होती. बारा फुटी, थोडे पोचे आलेली, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. गोध्र्याचे कनुभाई आणि इलाबेन, दोघंही शाळेतून निवृत्त. तीन वर्षं ते त्या डबीतून हिंडत होते. मला बघताच कनुभाईंनी माझी गाडी पावलांनी मोजली आणि हळहळले.

"अठरा! साहेब, अठरा कशाला? आमची बारा आहे. फायदा काय सांगू? रुसायला जागा नाही. रुसलं तर बाहेर थंडीत उभं राहावं लागतं. पाच मिनिटांत माणूस आत येतो."

"मीच नेहमी बाहेर का जायचं, ते पण सांगा ना," इलाबेन आतून म्हणाल्या.

ती दोघं अशी अखंड भांडत होती. मीठ कुणी ठेवलं, नकाशा कुणी दुमडला, कालचं दूध कुणी उघडं ठेवलं. एक खाली वाकला की दुसरा भिंतीला चिकटून उभा राही, न सांगता, बोलण्यात खंड न पाडता. मी त्यांच्या पायरीवर बसून उडदाची दाळ आणि मंगीबेनचे रोटले खाल्ले. गेल्या कित्येक महिन्यांत इतका जेवलो नव्हतो.

"बेन क्यां छे?" (ताई कुठे आहेत?) इलाबेननी विचारलं.

"पुण्याला गेलीय. भाचीचं लग्न आहे."

का म्हणालो कोण जाणे. कॅनडात आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं. बडोद्यात कुणाचं ना कुणाचं माणूस कॅनडात असतंच. पण तिथे नंतरचा प्रश्न येतो, कधी येणार, आणि पुण्याहून माणूस सोमवारी येतं. सकाळी निघताना इलाबेननी सुखडीचा (गुळाच्या वड्यांचा) डबा दिला. "बेनने आपजो." (ताईंना द्या.) मी त्या दोघांना वळणावर आरशात लहान होत जाताना पाहिलं. इलाबेन हात हलवत होत्या आणि कनुभाई त्यांना काहीतरी चुकीचं आहे म्हणून सांगत होते.

माझ्या अठरा फुटांत रुसायला भरपूर जागा होती. मी पुढच्या टोकाला बसलो तर मागच्या टोकाला ऐकूही गेलं नसतं. सुखडी मी बोडेलीपर्यंत संपवली.

संखेड्याला लाखेचं लाकूडकाम पाहिलं. लाल-सोनेरी झोपाळे, पाळणे, बाजवटं (बुटके चौरंग). कारागीर पट्ट्याने फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी धरतो आणि रंग वितळून आपसूक चढत जातो. त्याने मला जोडीचा झोपाळा दाखवला, मी एकट्याचं बाजवट पाहिलं आणि काहीच न घेता निघालो. त्या दिवशी मी गाडीत एक गैरप्रकार केला, तोही सांगून टाकतो. दुसऱ्या पलंगाला अजून हात लागला नव्हता. म्हणून मी तिच्या पलंगावर झोपलो. गादी कडक होती, पाठ धरली. शिवाय देवघरात रोज दिवा लावत होतो. मी, ज्याला घरी देव कुठल्या दिशेला तोंड करून बसलेत हे सांगता आलं नसतं. साड्यांच्या कपाटात माझे दोन शर्ट अडकवले. पट्टी वाचवण्यापुरता मी दोघांचा संसार एकट्याने करत होतो.

चौथ्या दिवशी चांदोद. इथे ओरसंग नदी नर्मदेला मिळते. घाटावर सकाळी थंडी होती, पाण्यावर वाफ होती. पायऱ्यांवर बसून मी चहाचा पेला हातात फिरवत होतो तेव्हा एक नावाडी जवळ आला, माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाला, "काका, फूल पधराववा आव्या छो?"

फूल म्हणजे अस्थी. सोडायला आलात का, असं तो विचारत होता. त्यात त्याची चूक नव्हती. चांदोदच्या घाटावर सकाळी सकाळी एकटा बसलेला म्हातारा माणूस दुसरं कशाला आलेला असणार? पिशवीत माझा टॉवेल होता.

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की बाजूची माणसं वळली. "माझी बायको जिवंत आहे!"

त्याने कानाला हात लावला, माफी मागितली, वर मला फुकट संगमापर्यंत नेऊन आणलं. दोन नद्यांचं पाणी दोन रंगांचं, मधे बराच वेळ रेघ राहते. मला सारखं वाटत होतं की मी त्या माणसावर का ओरडलो. त्याने विचारलं ते चूक होतं, पण त्याने निदान विचारलं तरी. मी दोन वर्षांत माझ्या बायकोला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर काय येईल ते मला माहीत होतं, म्हणूनच. चौतीस वर्षं मीटरं वाचणाऱ्या माणसाने एकाच मीटरवर फडकं टाकून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी डभोईत जामफळं (पेरू) घेतली आणि दुपारपर्यंत मकरपुऱ्याला पोचलो. पट्ट्या मी वाटेत लावल्या होत्या, प्रामाणिकपणाचा देखावा म्हणून तीन: गॅसची दुसरी शेगडी, वरचं एक कपाट, आणि घडीची छत्री अडकवायची खुंटी.

जयंतीभाई आत गेले. त्यांनी चष्मा लावला नाही, टेप काढली नाही. एक उशी उचलून हुंगली, मग दुसरी. साड्यांचं कपाट उघडून माझे शर्ट पाहिले, बंद केलं. खाली उतरून हात पुसत माझ्याशेजारी उभे राहिले.

"साहेब, दोनी उशीला एकच तेल हाय. माक्याचं."

उरलेल्या पट्टीचं भेंडोळं मी त्यांना परत दिलं.

"बस बांधायचो ना, तेव्हा पण शिटाच्या पाठीवरनं समजायचं कोण बसत होता." त्यांनी खिशातून माझा आराखडा काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. "मी बारा बांधतो, अठरा बांधतो, तुमी म्हणाल ते बांधतो. पण पतरा एकदा कापला का मग वाढत नाय. भाभीला विचारा. विचारून सांगा, पछी (मग) मी कापतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, वाडीतल्या घरी, ओट्याशी उभं राहून मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे मृणालच्या पोराचा दंगा ऐकू येत होता; शैलाने दार लावून घेतलं असावं, आवाज कमी झाला.

"झाली का ट्रिप?" ती म्हणाली. "फोटो छान होते."

"शैला, एक विचारायचंय. गाडी किती फुटांची घेऊ?"

"अहो, मला काय कळतं त्यातलं."

"अठरा घेतली तर दोघांची होते. बारा-दहा घेतली तर एकाची." मग विचारून टाकलं, "तू येणार आहेस का परत?"

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमच्यापुरती घ्या."

मी ओट्याची कड धरली. खिडकीतून समोरच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, कुणी तरी पाण्याची मोटर चालू केली होती. "कधी ठरवलंस?" मी विचारलं.

"ठरवलं असं नाही हो. तिसऱ्यांदा तिकीट पुढे ढकललं ना, तेव्हा काहीच कारण नव्हतं. मला वाटलं, तुम्ही विचाराल का म्हणून. मी तीन-चार दिवस उत्तरही ठरवून ठेवलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात." तिचा आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता त्यात. "इतकी वर्षं मी तुमच्या पाळीवर उठले, तुमच्या पाळीवर झोपले. आता इथे मला जाग येते तेव्हा मी उठते. मागच्या शनिवारी आम्ही तिघी बायका बसने डोंगरात जाऊन आलो. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही त्या गाडीत माझ्यासाठी खिडकी केलीत, देवघर केलंत. खूप केलंत. पण मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मला परत एका खोलीत नाही राहायचं."

"मग तू ये आणि मी नाही सांगणार कधी उठायचं," मी म्हणालो. "शैला, मला फार एकटं वाटतं गं. तू ये."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. ती रडत होती, ते मला कळलं. "हे तेव्हा म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर मी आले असते." आणि मग नेहमीसारखं, पण जरा घाईने, "बरं, थंडी आहे का तिकडे अजून? गाडीत जाड पांघरूण ठेवा." मी ठेवतो म्हणालो. फोन तिने आधी ठेवला.

अकरा वाजता मी मकरपुऱ्याला गेलो. जयंतीभाईंनी माझा चेहरा पाहिला आणि चहा मागवला. मी म्हणालो, "सगळ्यात लहान किती फुटी बांधता?" ते म्हणाले, दहा. त्याहून लहान ते बांधत नाहीत. आठ फुटांत माणसाला पाय लांब करून झोपता येतं, पण ओटा बसत नाही. मी दहा सांगितली. पत्रा कापायला लागले तेव्हा मी तिथेच उभा होतो.

आता गाडी मिळून महिना झाला. पाणीगेटला रस्त्याच्या कडेला ती बरी मावते, रिक्षावाले काही म्हणत नाहीत. मागे घेताना आरशात सगळं दिसतं, कुणाला हाक मारावी लागत नाही. तुमच्यापैकी कुणी निवृत्तीनंतर अशी गाडी घ्यायच्या विचारात असेल आणि मला मापाचं विचारेल तर मी सांगेन, गाडी बघायला जायच्या आधी घरात विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका. मी स्वतः दहा फुटी घेतली. एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. झोपताना एका कुशीवर वळतो आणि हात लांब करतो. दहा फुटांतसुद्धा जागा उरते.